शारीर-संज्ञांचा अभ्यास : एक शब्द, तीन अर्थ

आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात प्रथम व्यावसायिक वर्षी ‘रचना शारीर’ आणि ‘क्रिया शारीर’ हे दोन विषय शिकविले जातात. विद्यार्थी शेकडो संज्ञा मुखोद्गत करतो, परीक्षेत लिहितो आणि उत्तीर्ण होतो. पुढे आंतरवासितेच्या काळात तो रुग्णासमोर बसतो, तेव्हा त्याला एक विचित्र अनुभव येतो. शब्द ओळखीचे असतात, परंतु अर्थ ओळखीचे नसतात. रुग्ण ‘शीर’ म्हणतो तेव्हा ती संहितेतील सिरा नसते. तपासणी-अहवालाच्या मराठी अनुवादातील ‘स्नायू’ हा सुश्रुताचा स्नायू नसतो. आणि औषधी-भांडाराच्या काउंटरवर मागितले जाणारे ‘पित्ताचे औषध’ कोणत्या पित्ताचे, हे मागणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ही केवळ भाषेची गंमत असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु अशा शब्दांवरूनच आपण निदान करतो, औषध देतो, मर्दन करवितो आणि रुग्णाला पुढे पाठवायचे की नाही हे ठरवितो. संज्ञेचा अर्थ चुकला तर चिकित्सा चुकते, आणि काही प्रसंगी ती चूक सुधारण्यास वेळ मिळत नाही. म्हणून जळगाव-धुळे परिसरात रोज कानी पडणाऱ्या काही शारीर-संज्ञांचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत. आपल्या चिकित्सालयात येणारे आंतरवासी विद्यार्थी आणि औषधी-भांडारातील नवे सहाय्यक यांना समजावून सांगण्यासाठी वाचकांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

१. संज्ञांचे तीन स्तर

आपल्या कानावर येणाऱ्या शारीर-संज्ञा तीन ठिकाणांहून येतात.

पहिला स्तर संहितांचा. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांनी संस्कृतात ज्या अर्थाने संज्ञा वापरल्या तो अर्थ हा आपल्या शास्त्राचा पाया आहे.

दुसरा स्तर प्रचलित मराठी परिभाषेचा. शालेय पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे आणि राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यांतून आधुनिक शरीरशास्त्राला मराठी प्रतिशब्द मिळाले. हे करताना जुनेच संस्कृत शब्द घेण्यात आले, परंतु पुष्कळदा ते वेगळ्या अवयवाला लावले गेले.

तिसरा स्तर रुग्णाच्या बोलीचा. खानदेशात हा स्तर विशेष संमिश्र आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे ते जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नकाशावरील सीमा बदलल्या, पण बोलींच्या सीमा त्यांच्यानुसार चालत नाहीत. धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा या भागांत अहिराणी. यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यात लेवा गणबोली. सातपुड्याच्या कुशीत भिली आणि पावरी बोली. ‘पोटमा दुखस’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णाचे पोट छातीच्या खालच्या टोकापासून जांघेपर्यंत कोठेही असू शकते.

याशिवाय शेजारच्या मध्य प्रदेशातून आणि औषधी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून हिंदी संज्ञा येतात. हिंदीत ‘आमाशय’ म्हणजे जठर आणि ‘मांसपेशी’ म्हणजे स्नायू. काउंटरवरील सहाय्यक हे पत्रक मराठी समजून वाचतो आणि गोंधळात भर पडते.

२. व्याख्या बदलली की गणना बदलते

विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा अस्थींच्या संख्येविषयी असतो. चरकाच्या मते अस्थी ३६०, सुश्रुताच्या मते ३००, आणि आधुनिक शरीरशास्त्रानुसार प्रौढ माणसात २०६. मग खरे कोणाचे?

येथे कोणालाही खोटे ठरविण्यापूर्वी ‘अस्थी’ या संज्ञेत काय काय धरले आहे हे पाहावे. चरकाने दात, दातांची उखळे आणि नखे यांचाही अस्थींत समावेश केला. सुश्रुताने अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार केले. त्यांतील रुचक म्हणजे दात आणि तरुण म्हणजे आज आपण ज्याला कूर्चा म्हणतो ती. सुश्रुताची विभागणी शाखांत १२०, मध्य शरीरात ११७ आणि मानेच्या वर ६३ अशी आहे. आधुनिक गणनेत दात, नखे आणि कूर्चा धरीत नाहीत. शिवाय बालपणी सुटी असलेली अनेक हाडे वयानुसार जुळून एक होतात, म्हणून नवजात बालकात हाडांची संख्या २०६ पेक्षा बरीच अधिक भरते.

यातून विद्यार्थ्याने घ्यावयाचा धडा असा की संज्ञेचा अर्थ आधी निश्चित करावा, मग तुलना करावी. शवाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि शास्त्राचे अध्ययन अशा दोहोंनी ज्ञान वाढते, अशी सुश्रुताचीही भूमिका आहे. हाच नियम पुढील सर्व शब्दांना लावू.

३. पेशी आणि स्नायू

या दोन शब्दांचा गोंधळ सर्वाधिक आहे. सुश्रुताची ‘पेशी’ म्हणजे मांसाचा विभागलेला संघात, आजच्या मराठीतील स्नायू. त्यांची संख्या ५०० सांगितली आहे : शाखांत ४००, मध्य शरीरात ६६, मानेच्या वर ३४. शाळेत मात्र मुले ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सूक्ष्मतम सजीव घटक असे शिकतात. ‘रक्तातील पांढऱ्या पेशी वाढल्या’ या वाक्यातील पेशी ही दुसरी.

‘स्नायू’ या शब्दाचे तसेच झाले. सुश्रुताने ९०० स्नायू सांगून त्यांचे प्रतानवती, वृत्त, पृथु आणि शुषिर असे चार प्रकार केले. फळ्यांची नाव दोरांनी घट्ट बांधली की भार वाहू शकते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात, हा त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. म्हणजे सुश्रुताचा स्नायू हा मुख्यतः बंधन करणारा आहे. आजच्या मराठीत त्याला अस्थिबंध म्हणतात. प्रचलित मराठीत मात्र ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन-प्रसरण पावणारा मांसल भाग.

व्यवहारात याचे महत्त्व काय? रावेर-यावल भागात केळीचे घड वाहून नेणाऱ्या मजुराचा पाय मुरगळतो आणि त्याला ‘स्नायू दुखावला’ असे सांगितले जाते. मांसल भागास ताण बसला असेल तर विश्रांतीने तो बहुधा भरून येतो. अस्थिबंध फाटला असेल तर सांधा अस्थिर होतो. त्याला योग्य बंध बांधून स्थिर ठेवावे लागते, आणि पूर्ण फाटला असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे लागते. दोन्ही प्रसंगी पहिल्या दोन-तीन दिवसांत जोराचे मर्दन आणि शेक केल्यास आतील रक्तस्राव व सूज वाढते. अहवालात ‘स्नायू’ हा शब्द दिसताच तेलाची बाटली काढणाऱ्या सहाय्यकाला हा भेद समजावून सांगणे आवश्यक आहे.

४. मज्जा

आयुर्वेदात मज्जा हा सात धातूंपैकी सहावा. अस्थींच्या पोकळीत असणारा स्निग्ध धातू असे त्याचे स्वरूप असून, चरकाने मज्जावह स्रोतसाचे मूळ अस्थी आणि संधी सांगितले आहे. प्रचलित मराठीत मात्र मज्जातंतू, मज्जारज्जू आणि मज्जासंस्था या शब्दांचा हाडातील मगजाशी संबंध नाही. तेथे मेंदू, पाठीच्या कण्यातील रज्जू आणि संवेदना वाहून नेणारे तंतू अभिप्रेत आहेत. अलीकडील पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘चेता’ हा शब्द येतो आणि तो अधिक सोयीचा आहे.

‘मज्जातंतूंचा विकार’ असे लिहिलेले पाहून मज्जाधातूवरील औषधांची योजना करणे हा शब्दाला शब्द जोडण्याचा प्रकार आहे. गती आणि संवेदना ही आपल्या शास्त्रात वाताची कर्मे आहेत. म्हणून अशा रुग्णाचा विचार प्रथम वातव्याधीच्या अंगाने करावा. मधुमेही रुग्णाच्या तळपायाची आग आणि बधिरता हे चेतातंतूंच्या ऱ्हासाचे लक्षण असते. त्याला पायाची जखम कळत नाही. अशा रुग्णाचे तळपाय प्रत्येक भेटीत उघडून पाहिले पाहिजेत, मग आपण त्या विकाराला कोणतेही नाव देवो.

उलट, हाडांतील खरी मज्जा आजच्या शरीरक्रियाशास्त्रात रक्तनिर्मितीचे स्थान आहे. त्याचा विचार पुढे प्लीहेच्या संदर्भात करू.

५. सिरा, धमनी आणि ‘शीर’

सुश्रुताने ७०० सिरा आणि २४ धमन्या सांगितल्या व दोहोंचे मूळ नाभी मानले. आधुनिक मराठीत धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी आणि शिरा म्हणजे हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी. जुन्या पुस्तकांत यांनाच रोहिणी आणि नीला म्हणत. कोलकात्याचे गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ हा संस्कृत ग्रंथ रचून प्राचीन संज्ञा आधुनिक शरीरशास्त्राशी जुळविण्याचा मोठा प्रयत्न केला. पुढील अनेक पाठ्यपुस्तकांवर त्याची छाप दिसते. परंतु हे जुळविणे सोयीसाठी आहे, संहितेतील मूळ अर्थ तेवढाच आहे असे समजू नये.

खरी अडचण ‘शीर’ या बोलीतील शब्दाची आहे. ‘शीर चढली’, ‘शीर आखडली’, ‘शीर दबली’, ‘शिरा फुगल्या’ या चार तक्रारींत चार निरनिराळ्या रचना असू शकतात. पिंढरीत गोळा येतो तेव्हा मांसल भाग आकुंचन पावलेला असतो. कमरेपासून पायात कळ जाते तेव्हा मणक्याजवळ चेतातंतू दबलेला असतो. टाचेच्या वर दुखते तेव्हा कंडरा सुजलेली असते. आणि उभे राहून काम करणाऱ्याच्या पायावर निळसर दोरे दिसतात तेव्हा खरोखरच शिरा फुगलेल्या असतात. त्यांतील झडपा निकामी झाल्याने रक्त खाली साचते.

यांतच एक पाचवी शक्यता दडलेली आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. एकाच पायाची पिंढरी सुजली, गरम लागते, दाबल्यास दुखते, आणि रुग्ण नुकताच शस्त्रक्रिया, बाळंतपण, अस्थिभंग किंवा दीर्घकाळ अंथरुणावर पडून उठलेला आहे, अशा वेळी खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शंका घेतली पाहिजे. या पायाचे मर्दन कदापि करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर रुग्णाचा काही मिनिटांत मृत्यू होऊ शकतो. स्नेहन हे आपले नित्याचे कर्म असल्यामुळे ‘शीर आखडली’ हे शब्द ऐकताच हात तेलाकडे जातो. त्यापूर्वी दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडून शेजारी ठेवून पाहावेत. यास एक मिनिटही लागत नाही.

६. पित्त आणि पित्ताशय

काउंटरवर सर्वाधिक ऐकू येणारा शारीर-शब्द कोणता असेल, तर तो ‘पित्त’. पण तो किमान चार अर्थांनी येतो.

एक : छातीत-घशात जळजळ, आंबट ढेकर. हे अम्लपित्त.
दोन : अंगावर लाल गांधी उठून खाज. हे शीतपित्त.
तीन : ‘पित्ताचे खडे’. येथे यकृतात तयार होणारा पाचक द्रव आणि तो साठविणारी पिशवी अभिप्रेत आहे.
चार : डोके दुखून उलटी होणे. रुग्ण यालाही ‘पित्त झाले’ असेच म्हणतो.

शास्त्रातील पित्तदोष या चारही अवस्थांहून व्यापक आहे. सुश्रुताने सात आशयांत सांगितलेला पित्ताशय हे त्या दोषाचे अधिष्ठान होय. आजच्या मराठीतील पित्ताशय म्हणजे यकृताखालची लहान पिशवी. यकृतात रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार होतो आणि त्यातील काही भाग तेथे घट्ट होऊन साठतो. नाव एक असले तरी पहिल्याचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. खड्याने वाट अडून ज्वर, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली तीव्र शूल असेल तर अविपत्तिकर चूर्णाची पुडी बांधून देण्यात वेळ दवडू नये.

तथापि या शब्दामागील सर्वांत मोठा धोका हृदयाचा आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा वेदना पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात जाणवते. रुग्ण म्हणतो, ‘पित्त वाढले आहे, गॅस अडकला आहे.’ मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीतील ठरावीक कळ नसतानाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. म्हणून पित्ताचे औषध मागणारा चाळिशीपुढचा असेल, घामाने भिजला असेल, दम लागला असेल, जबडा, खांदा वा डावा हात भरून आल्याचे सांगत असेल, तर त्याला सूतशेखर देऊन घरी पाठवू नये. त्याला बसवावे, ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. औषधी-भांडाराचा चालक निदान करीत नाही हे खरे, परंतु रुग्ण सर्वप्रथम त्याच्यापुढेच उभा राहतो. हे चार प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही.

७. वृक्क, बस्ति आणि मुतखडा

आजचा विद्यार्थी वृक्क म्हणजे मूत्र तयार करणारा अवयव असे धरून चालतो. संहितेत मात्र मूत्रवह स्रोतसाचे मूळ चरकाने बस्ति आणि वंक्षण, तर सुश्रुताने बस्ति आणि मेढ्र सांगितले आहे. वृक्कांचा उल्लेख दोघेही मेदोवह स्रोतसाच्या संदर्भात करतात. म्हणजे अवयव ज्ञात होता, परंतु त्याला आज आपण देतो ते मुख्य कार्य त्या जागी दिलेले नव्हते. हे मोकळेपणाने सांगण्यात शास्त्राचा कमीपणा नाही.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसार दोन्ही वृक्क मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील ९९ टक्के परत रक्तात घेतात. उरलेले दीड लिटरच्या आसपास मूत्र गवीनींतून बस्तीत उतरते. शरीरातील पाणी घटले की मूत्र घट्ट होते आणि त्यातील क्षारांचे स्फटिक बनतात. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा अनेक वर्षी ४५ अंशांवर जातो. कपाशीच्या रानात किंवा केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्याच्या घामावाटे किती पाणी जाते आणि तो किती पितो, याचा हिशेब चिकित्सकाने घेतलाच पाहिजे.

‘अश्मरी’ ही संज्ञाही जपून वापरावी. सुश्रुताने वर्णिलेली शस्त्रक्रिया बस्तीतील अश्मरीची आहे. आज आपल्याकडे येणारा खडा बहुतेक वेळा वृक्कात किंवा गवीनीत असतो. म्हणून ‘मुतखडा’ या एका शब्दावर न थांबता तो कोठे आहे, केवढा आहे आणि वाट अडली आहे का, हे सोनोग्राफीच्या अहवालावरून पाहावे. गवीनीतील खड्याची कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असे नाही. वाट अडलेली राहिली तर वरचा वृक्क वेदना न होताही हळूहळू निकामी होतो. थंडी वाजून ताप येणे, मूत्र बंद होणे, किंवा रुग्णाला एकच वृक्क असणे या अवस्थांत मूत्रल काढे देत बसणे धोक्याचे आहे.

‘बस्ति’ हा शब्द पंचकर्मातील उपक्रमालाही लागतो. ‘बस्तीत दोष आहे’ असे ऐकून रुग्णाचे नातेवाईक आधी दिलेल्या उपचारावर रुष्ट झाल्याचे आमच्या पाहण्यात आहे. त्यांच्याशी बोलताना ‘लघवीची पिशवी’ म्हणणेच बरे.

८. काळीज, पांथरी आणि रक्त

मराठीत ‘काळीज’ हा शब्द भावनेच्या संदर्भात हृदयाला आणि खाटकाच्या दुकानात यकृताला लागतो. रुग्णाच्या तोंडचे काळीज बहुधा हृदय असते. तरी ‘काळजावर सूज’ असे कोणी सांगितले तर तो यकृताविषयी बोलत असतो. प्लीहेला जुनी माणसे ‘पांथरी’ म्हणतात. अनेक जण केवळ ‘पोटात गोळा’ म्हणून मोकळे होतात.

आयुर्वेदाने रक्तवह स्रोतसाचे मूळ यकृत आणि प्लीहा सांगितले. आधुनिक मतानुसार जन्मानंतर रक्तकण हाडांतील मज्जेत तयार होतात. गर्भावस्थेत मात्र ते काम मुख्यतः यकृत आणि काही अंशी प्लीहा करते. प्रौढात प्लीहा जुन्या रक्तकणांना गाळून नष्ट करते. रक्तकणाचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते.

सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या वैद्यांसाठी हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. यात रक्तकण विळ्याच्या आकाराचे होतात, लवकर फुटतात आणि सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडे आणि सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात. ‘हातपाय फुटतात’, ‘अंगात रक्त नाही’ आणि ‘पोटात गोळा’ या तीन वेगवेगळ्या तक्रारींचे मूळ एकच असू शकते. अशा मुलास आमवात समजून दीर्घकाळ गुग्गुळकल्प देणे म्हणजे निदान लांबणीवर टाकणे होय. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून शासकीय आरोग्य केंद्रांतून या तपासणीची सोय केली जाते. या विकाराच्या मुलाचा रंग एकाएकी पांढरा पडून डाव्या बरगडीखालील गोळा वाढलेला दिसला तर ती तातडीची अवस्था आहे. रक्त प्लीहेत साचलेले असते आणि काही तासांत मूल दगावू शकते.

९. पिशवी

स्त्री-रुग्ण ‘पिशवी काढली’ म्हणतात तेव्हा बहुधा गर्भाशय अभिप्रेत असतो. परंतु पित्ताची पिशवी आणि लघवीची पिशवीही असते. आणि गर्भाशय काढला असेल तर अंडाशय ठेवले की काढले, हे बहुसंख्य स्त्रियांना सांगितलेलेच नसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला, तेव्हा आपल्या शरीरातून काय गेले हे स्त्रीला ठाऊक असण्याचे महत्त्व सर्वांपुढे आले. तरुण वयात दोन्ही अंडाशय काढले गेले तर रजोनिवृत्ती त्याच वेळी येते. हाडे ठिसूळ होणे, अंगात दाह, निद्रानाश ही लक्षणे त्यातून उद्भवतात. त्या दाहाला नुसते ‘पित्त’ म्हणून शीत औषधे दिल्यास मूळ कारण नोंदीत येतच नाही. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद मागून पाहावा. कागद नसेल तर व्रण कोठे आहे ते पाहावे आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

१०. चिकित्सालय व औषधी-भांडार यांसाठी नियम

वरील विवेचनावरून पुढील पाच नियम सुचवितो.

(१) शब्द ऐकून औषध ठरवू नये. ‘बोट ठेवून दाखवा’ हा पहिला प्रश्न असावा. बोली कोणतीही असो, बोटाला भाषांतर लागत नाही.

(२) दुसरा प्रश्न : ‘त्याने काय अडते?’ चालणे, गिळणे, लघवी, श्वास यांपैकी काय अडले हे कळले की अवयवाचे कार्य कळते.

(३) रुग्णपत्रिकेत रुग्णाचा मूळ शब्द अवतरणचिन्हांत लिहावा आणि पुढे आपली संज्ञा लिहावी. उदाहरणार्थ : ‘शीर चढली’ — डाव्या पिंढरीतील मांसपेशीचा संकोच, सूज नाही.

(४) दुसऱ्या पद्धतीच्या डॉक्टरांकडे रुग्ण पाठविताना चिठ्ठीत आधुनिक संज्ञाच वापरावी. केवळ ‘मज्जागत वात’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याला बोध होत नाही आणि रुग्णाचा वेळ जातो.

(५) औषधी-भांडारात पुढील कोष्टक सहाय्यकाच्या दृष्टीस पडेल असे लावावे. प्रथम संहितेतील संज्ञा, नंतर आजच्या मराठीतील तिचा जवळचा प्रतिशब्द आणि शेवटी सावधानतेची सूचना, असा क्रम आहे.

पेशी — स्नायू — ‘रक्तातील पेशी’ वेगळी
स्नायु — अस्थिबंध — ‘स्नायू दुखावला’ याचा अर्थ विचारून घ्यावा
कंडरा — कंडरा — रुग्ण ‘शीर’ म्हणतो
सिरा — रक्तवाहिनी — रुग्णाची ‘शीर’ चेतातंतूही असू शकते
मज्जा — हाडातील मगज — ‘मज्जातंतू’ वेगळा
पित्त — दोष — जळजळ, गांधी, खडा की हृदय, हे पाहावे
वृक्क — मूत्रपिंड — हिंदी पत्रकात ‘गुर्दा’
बस्ति — मूत्राशय — पंचकर्मातील बस्ति वेगळा
प्लीहा — पांथरी — ‘पोटात गोळा’

समारोप

संज्ञांचे प्रमाणीकरण आता राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर होऊ लागले आहे. भारत सरकारने २०१७ साली ‘नमस्ते’ या नावाने आयुष पद्धतींतील व्याधींच्या प्रमाण संज्ञांचे संकेतस्थळ सुरू केले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेदाच्या प्रमाण संज्ञांचा संग्रह प्रसिद्ध केला. आणि १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी व्याधींच्या विभागाचे प्रकाशन झाले. हे कार्य मोलाचे आहे आणि आपल्या नोंदी त्यानुसार ठेवण्याची सवय आपण लावून घ्यावी.

परंतु शिरपूरच्या बाजारातून पायी आलेला शेतमजूर संकेतांकात बोलणार नाही. तो त्याच्या आईने शिकविलेल्या शब्दांतच आपले दुखणे सांगणार. त्याच्या शब्दापासून संहितेपर्यंत आणि संहितेपासून प्रत्यक्ष अवयवापर्यंत अचूक पोहोचणे हे वैद्याचे काम आहे. विद्यार्थ्याला संज्ञा पाठ करवितानाच प्रत्येक संज्ञेसमोर रुग्णाचा शब्द लिहावयास लावले, तर शारीराचा अभ्यास प्रथम वर्षापुरता न राहता आयुष्यभर कामी येईल. वाचक वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या तालुक्यातील असे शब्द वहीत टिपून ठेवावेत आणि ती वही आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक आंतरवासी विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, अशी विनंती आहे.